सफरीच्या अलीकडचा आणि पलीकडचा मुक्काम

‘सफारी’ हा शब्द इंग्रजी आहे असे आपल्या मुलांना वाटते. तो स्वाहिली आहे, आणि स्वाहिलीत तो अरबी ‘सफर’वरून आला. म्हणजे निघताना आपल्या घरातली वडीलधारी माणसे ज्या सफरीची दुआ पढायला सांगतात, तोच हा शब्द. केनियात सफारी म्हणजे नुसता प्रवास. बाजारहाटासाठी दुसऱ्या गावी निघालेला माणूसही सफारीवरच असतो. सिंह आणि जिराफ त्या शब्दाला नंतर येऊन चिकटले.

आता आपल्या घरांतूनही केनियाला जाणारी माणसे दिसू लागली आहेत. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे आणि ते सुमारे सहा तासांत पोचते. कुणी मुलांची दहावी-बारावी झाल्यावर जाते, कुणी निवृत्तीच्या पैशातून आई-वडिलांना घेऊन जाते. जमिनीवर फिरून अल्लाहची निर्मिती डोळ्यांनी पाहावी, ही शिकवण आपल्याला आहेच. पण अशी सफर बहुतेक घरांत आयुष्यात एकदाच होते, आणि तिच्यामागे वर्षांची बचत असते. म्हणून ती नीट आखायला हवी.

प्रवास कंपनीच्या पत्रकात मसाई मारातल्या तंबूचे मोठे छायाचित्र असते. पहिल्या आणि शेवटच्या रात्रीबद्दल फक्त ‘नैरोबीत हॉटेल’ एवढेच लिहिलेले असते. घरातले वृद्ध, लहान मुले, पाच वक्तांची नमाज आणि हलाल जेवण यांचा विचार केला, तर सफर सुखाची की दमणुकीची हे त्या दोन-चार रात्रींवर ठरते.

पहिली रात्र नैरोबीतच

नैरोबी ते मसाई मारा हे अंतर सुमारे २७० किलोमीटर आहे. गाडीने पाच ते सहा तास लागतात, पावसात जास्त. विमानातून उतरून थेट गाडीत बसायचे म्हणजे रात्रीच्या जागरणावर दिवसभराचे हादरे. शिवाय २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकासाठी माराचे प्रवेश शुल्क जुलै ते डिसेंबर या काळात माणशी दिवसाला २०० डॉलर झाले आहे. ते तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहापर्यंतचे. दुपारी तीनला धापा टाकत पोचलात तर पैसे पूर्ण दिवसाचे जातात आणि हाती अर्धा दिवसही लागत नाही. पहिली रात्र नैरोबीत काढून पहाटे निघणे, यात आराम आहे आणि हिशेबही आहे.

नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. विषुववृत्ताजवळ म्हणून गरम असेल असे समजून लोक मलमलचे कुर्ते घेऊन जातात आणि जुलैच्या सकाळी कुडकुडतात. प्रत्येकासाठी एक स्वेटर हवाच. वृद्धांना उंचीची सवय व्हायलाही हा एक दिवस उपयोगी पडतो.

नैरोबीत कुठे?

सगळे यावर अवलंबून आहे की दुसऱ्या दिवशी तुम्ही कसे निघणार.

माराला छोट्या विमानाने जायचे असेल, तर ते आंतरराष्ट्रीय विमानतळावरून सुटत नाही. ते विल्सन नावाच्या वेगळ्या विमानतळावरून सुटते. मग मुक्काम विल्सन, लँगाटा किंवा कॅरन या बाजूला असावा. या विमानांत माणशी साधारण १५ किलो सामान चालते, तेही मऊ पिशवीत. हातातली बॅग त्यातच मोजतात. कडक सुटकेस चालत नाही. म्हणून परतल्यावरही त्याच हॉटेलात राहणार असाल तर मोठ्या बॅगा तिथेच ठेवून जाता येतात. आरक्षण करतानाच हे विचारून घ्या.

गाडीने जाणार असाल आणि घरचे जेवण, मशीद, दवाखाना जवळ हवा असेल, तर पार्कलँड्स आणि वेस्टलँड्स हा भाग सोयीचा. भारतीय वंशाची वस्ती जुनी आहे, हलाल खानावळी आहेत आणि आगा खान विद्यापीठाचे मोठे रुग्णालय पार्कलँड्सलाच आहे. मधुमेह किंवा रक्तदाबाची माणसे बरोबर असतील तर या शेवटच्या गोष्टीचे मोल कळेल. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टोलच्या द्रुतगती मार्गामुळे विमानतळावरून वेस्टलँड्सला पोचणे सोपे झाले आहे. त्याआधी याच रस्त्यावर तासन्‌तास जात.

शहराच्या मध्यभागी जामिया मशीद आहे. तीन रुपेरी घुमट, दोन उंच मिनार, आणि जुम्म्याला रस्त्यापर्यंत येणारी गर्दी. आजूबाजूला हलाल जेवण सहज मिळते. पण रात्री या भागात पायी फिरणे शहाणपणाचे नाही. राहायला दुसरीकडे आणि नमाजला दिवसा इथे, असे ठेवावे. पूर्वेकडचा ईस्टली हा सोमाली मुस्लिमांचा गजबजलेला व्यापारी भाग आहे. खरेदीला उत्तम, पण पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने तिथे मुक्काम करू नये. तो भाग माहीत असलेला माणूस बरोबर घेऊनच जावे.

एखादा दिवस हाताशी असेल तर तो वाया जात नाही. नैरोबी राष्ट्रीय उद्यान शहराला खेटूनच आहे: ११७ चौरस किलोमीटर, स्थापना १९४६. गेंड्याच्या मागे शहराच्या इमारती दिसतात. अनाथ हत्तींच्या पिलांना दूध पाजतानाही इथे पाहता येते. मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला, दोघांनाही हे झेपते.

वेळ विचारताना

ही गोष्ट पत्रकात कधीच नसते. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘एक’; आपले आठ म्हणजे ‘दोन’. संध्याकाळी सहानंतर मोजणी पुन्हा सुरू होते. हॉटेलातली माणसे पाहुण्यांशी बोलताना इंग्रजी पद्धतीनेच बोलतात, पण बाहेरच्या चालकाशी ठरवताना घोटाळा होऊ शकतो. त्याला वेळ आकड्यात लिहून दाखवा. आणि घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे करायला विसरू नका.

नमाज आणि किब्ला

महाराष्ट्रात आपण पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतो, आणि ही सवय शरीरात भिनलेली असते. नैरोबीहून मक्का जवळजवळ उत्तरेला आहे, किंचित पूर्वेकडे झुकलेली. मोंबासाहून तर सरळ उत्तरेला. हॉटेलात खोलीत गेल्यावर आधी दिशा पाहून ठेवा. फोनमधला होकायंत्र पुरतो.

विषुववृत्तामुळे दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखे. सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि साडेसहाच्या आसपास मावळतो. जंगलात जाणारी सकाळची गाडी उजाडता-उजाडता निघते, म्हणून फजर खोलीत पढूनच निघता येते. संध्याकाळची गाडी अंधार पडायच्या आत परतते, मगरिबही वेळेवर मिळते. दिवसभराच्या फेरीत जोहर-असरची सोय चालकाला सकाळीच सांगून ठेवावी. गाडीतून हवे तिथे उतरता येत नाही. ठरलेल्या जागीच उतरू देतात. मुसाफिराच्या कसर नमाजेबद्दल आपापल्या मसलकाप्रमाणे निघण्यापूर्वीच आलिमांना विचारून घ्या, कारण किती दिवसांच्या मुक्कामापर्यंत कसर, याबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे.

कॅम्प ठरवताना चार प्रश्न लेखी विचारा. मांस हलाल आहे का, आणि नसल्यास शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो का? वीज आणि गरम पाणी कोणत्या वेळेत असते? अनेक कॅम्पांत ते ठरावीक तासच असते, आणि फजरच्या वुजूला पाणी बर्फासारखे लागते. आमचे तंबू शेजारी-शेजारी मिळतील का? आणि अंधार पडल्यावर सोबतीला कोण येते? कुंपण नसलेल्या कॅम्पांत रात्री पहारेकरी बरोबर असल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचे नसते. त्या पहारेकऱ्याला तिथे ‘अस्करी’ म्हणतात. उर्दू जाणणाऱ्यांना शब्द ओळखीचा वाटेल. सामानात एक हलका लोटा मात्र असू द्या; सगळीकडे पाण्याची सोय आपल्यासारखी नसते.

सफरीनंतर: डोंगरावरून समुद्राकडे

माराहून थेट विमानतळावर जाऊन त्याच रात्री मुंबई गाठायची, हा बेत धोक्याचा. वाटेत पाऊस, बिघाड किंवा घाटातली कोंडी झाली तर विमान हुकते. निदान एक रात्र मध्ये ठेवाच. आणि शक्य असेल तर तीन-चार रात्री किनाऱ्यावर काढा. सफरीत पहाटे उठणे, धूळ आणि हादरे असतात. त्यानंतर वृद्धांना आणि मुलांना विसावा हवा असतो. मुख्य म्हणजे केनियाचा किनारा हा आपल्या ओळखीचा मुलूख आहे.

नैरोबीहून मोंबासाला २०१७ पासून नवी रेल्वे आहे. पाच-सहा तासांचा प्रवास, आणि वाटेत त्सावोच्या जंगलात उंच रुळांवरून खाली हत्ती दिसण्याची शक्यता. नैरोबीचे स्थानक शहराबाहेर स्योकिमाऊला आहे, विमानतळाच्या बाजूला. तपासणी कडक असते, तासभर आधी पोचा. सकाळची गाडी धरायची तर आदली रात्र विमानतळाच्या जवळ काढणे बरे. मोंबासाचे स्थानकही शहराबाहेर मिरितिनीला आहे. तिथून टॅक्सी लागते.

मोंबासात तीन पर्याय आहेत. जुने शहर: अरुंद गल्ल्या, कोरीव लाकडी दरवाजे, पाचही वक्त अजान, आणि १५७०च्या सुमाराची मांधरी मशीद. पोर्तुगिजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेला फोर्ट जीझस किल्ला इथेच आहे. राहण्याच्या जागा साध्या, पण पिलाव, समोसा, चपाती, नारळाच्या रसातली मासळी दारातच मिळते, आणि सगळे हलाल. दुसरा पर्याय न्याली: पुलापलीकडे, समुद्राजवळ, स्वयंपाकघरासह फ्लॅट भाड्याने मिळतात. पाच-सात माणसांच्या कुटुंबाला हे हॉटेलपेक्षा स्वस्त पडू शकते आणि पडदाही राहतो. तिसरा, दक्षिणेकडचा डायानी: पांढरी वाळू, शांत पाणी, पण बहुतेक मोठ्या हॉटेलांत बार आणि रात्रीचे नाचगाणे. तिथे जायचेच असेल तर वेगळे छोटे घर पाहा. डायानीला जाताना पूर्वी लिकोनीची फेरीबोट अटळ होती. आता बंदराला वळसा घालणारा रस्ता झाला आहे.

किनाऱ्यावर हवामान कोकणासारखे दमट, आणि डास आहेत. नैरोबीत हिवतापाचा धोका कमी, पण मारा आणि किनारा दोन्हीकडे आहे. मच्छरदाणी असलेलीच खोली घ्या आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. त्या परतल्यानंतरही काही दिवस घ्याव्या लागतात. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. दाखला नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवतात. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे, तिकीट काढण्यापूर्वीच. केनियाची प्रवासपरवानगीही आता निघण्याआधी ऑनलाइन काढावी लागते.

एकाच समुद्राचे दोन काठ

इब्न बतूता १३३१च्या सुमारास मोंबासाला उतरला. तिथले लोक शाफई मसलकाचे, दीनदार आहेत आणि मशिदी लाकडाच्या, भक्कम बांधलेल्या आहेत, अशी नोंद त्याने केली. आजही हा किनारा प्रामुख्याने शाफई आहे, आणि आपले कोकणही. हा योगायोग नाही. वर्षाच्या ठरावीक महिन्यांत वाहणाऱ्या वाऱ्यांवर गलबते अरबस्तान, हिंदुस्थान आणि आफ्रिकेमध्ये ये-जा करत. माल गेला, तसे आलिम गेले, शब्द गेले. कोकणातली मुस्लिम कुटुंबेही पुढे पूर्व आफ्रिकेत जाऊन वसली. रत्नागिरी-रायगडच्या माणसाला मोंबासाच्या मशिदीत फजरला कुनूत ऐकून घरी आल्यासारखे वाटेल. मराठवाड्याच्या हनफी वाचकाला असरची अजान नेहमीपेक्षा लवकर झाल्याचे जाणवेल. मुलांना दोन्ही मसलकांची ओळख करून द्यायला याहून चांगला वर्ग नाही.

शब्दही मुलांना शोधू द्या. दुकानाला ‘दुका’, पुस्तकाला ‘किताबू’, खबरबातला ‘हबारी’, मित्राला ‘रफिकी’, जगाला ‘दुनिया’. आणि शिक्षकाला ‘म्वालिमू’, म्हणजे आपला मुअल्लिम. टांझानियाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांना, ज्युलियस न्येरेरे यांना, लोक प्रेमाने याच नावाने हाक मारत.

म्हणून आखणी करताना माराच्या महागड्या कॅम्पची एक रात्र कमी झाली तरी चालेल. तो पैसा पहिल्या रात्रीच्या विश्रांतीला आणि किनाऱ्यावरच्या मुक्कामाला द्या. आठ-नऊ दिवसांची सफर असेल तर नैरोबीत एक, मारात तीन, किनाऱ्यावर तीन आणि परतीला नैरोबीत एक रात्र, असा हिशेब कुटुंबाला झेपतो. सिंह दिसणे नशिबाचा भाग आहे. थकलेल्या वालिदैनना वेळेवर जेवण, स्वच्छ पाणी आणि नमाजला जागा मिळणे हे मात्र आपल्या आखणीवर अवलंबून आहे, आणि त्याची जबाबदारीही आपलीच.