पाणभुंगेऱ्याला काठही लागतो

मिरगाचा पाऊस लागून राहिला की कुडाळच्या भंगसाळीला लाल पाणी येते, भाताचे कुणगे तुडुंब होतात आणि कातळसड्यावरचे खळगेही भरतात. गावाचे लक्ष तेव्हा चढणीच्या माशांवर असते. त्याच सुमारास साचल्या पाण्यात आणखी एक शिकारी कामाला लागतो: सिबिस्टर ट्रायपंक्टेटस. सुमारे अडीच सेंटिमीटरचा, हिरवट काळ्या पाठीचा, पिवळ्या कडांचा पाणभुंगेरा. फ्रेंच कीटकतज्ज्ञ ऑलिव्हिए यांनी १७९५मध्ये या जातीचे वर्णन केले. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा वावर आहे. डायटिसिडी या तिच्या कुळात चार हजारांहून अधिक जाती आहेत.

काळा दिसणारा प्रत्येक पाणकिडा हा नव्हे. ओळख सोपी आहे. हा पोहताना मागचे दोन्ही केसाळ पाय एकदम मारतो, वल्ह्यांसारखे. श्वासासाठी वर येतो तो शेपटाकडून; डोके खाली ठेवून टोक पाण्याबाहेर काढतो, पंखांच्या कवचाखाली हवा भरतो आणि पुन्हा तळ गाठतो. नराच्या पुढच्या पायांवर चिकटणाऱ्या चकत्या असतात. समागमात मादीची गुळगुळीत पाठ त्याला त्यांनीच धरता येते.

मादी पाणवनस्पतींच्या देठांना चिरा पाडून अंडी घालते. अळी प्रौढापेक्षाही खादाड. तिचे विळ्यासारखे जबडे आतून पोकळ असतात. भक्ष्यात रुतवून ती त्यांतून पाचक रस सोडते आणि आतला विरघळलेला ऐवज शोषून घेते. या कुळातल्या अळ्या डासांच्या अळ्या, इतर पाणकिडे, बेडूकमासेही फस्त करतात. दार्जिलिंगकडच्या रँटस सिक्किमेन्सिस या भुंगेऱ्यावर २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो डासांच्या अळ्या आवडीने खातो, हे दिसले.

पण पूर्ण वाढलेल्या अळीला पाणी सोडावेच लागते. ती काठावर चढते, ओल्या मातीत पोकळी करते आणि तिथेच कोष होतो. भुंगेरा तयार होतो तो जमिनीत. कुणग्याचा मातीचा बांध म्हणूनच त्याला हवा. कुडाळहून मालवणकडे जाताना लागणारा धामापूरचा तलाव १५३०चा. २०२०मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचनस्थळाचा मान मिळाला. त्याचाही बांध मातीचा आहे.

उलट प्लास्टिक अंथरलेले शेततळे किंवा चहूबाजूंनी सिमेंटने बांधून काढलेले तळे पाण्याने भरलेले दिसते, पण कोषाला तिथे जागा उरत नाही. रात्री उडणाऱ्या प्रौढाचीही फसगत होते: चकाकत्या पृष्ठभागावरून परतणारा ध्रुवित प्रकाश त्याला पाण्यासारखा भासतो. लाल आणि काळ्या मोटारी पाणकीटकांना जास्त का खेचतात, याचे कारण हंगेरीतल्या संशोधकांनी २००६मध्ये याच प्रकाशात शोधले.

तळ्याचे सुशोभीकरण करताना खर्चाचा हिशेब पाण्याच्या क्षमतेवर होतो. त्यात हातभर ओल्या मातीचा काठ उघडा ठेवायला फारसा खर्च येत नाही, आणि डासांविरुद्धचा एक फुकटचा शिकारी टिकतो.