चोकचा अंमल

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याचे बाष्प जळते; आणि मोटारसायकलच्या चोकचा सारा कारभार या एका गोष्टीवर उभा आहे. तापलेल्या इंजिनात एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा मिळाली की ज्वलन पुरते होते. परंतु पौषातल्या ज्या पहाटे निफाडकडचे बागाईतदार द्राक्षवेली वाचविण्यासाठी शेकोट्या पेटवितात, त्या पहाटे अंगणात रात्रभर गारठलेल्या इंजिनात पेट्रोलातील हलके घटक तेवढे वाफ होतात आणि जड घटक नळीच्या व सिलिंडरच्या गार भिंतींना थेंबाथेंबाने चिकटून राहतात. कार्बोरेटरने हिशेबाबरहुकूम पेट्रोल पाठविले तरी ठिणगीच्या वाट्याला विरळ मिश्रणच येते, आणि किक मारून मारून स्वाराचा पाय मात्र भरून येतो. यावर तोड अशी की, हवेच्या मानाने पेट्रोलाचा पुरवठा काही काळ इतका वाढवावा, की त्याच्या हलक्या अंशाचीच पुरेशी वाफ जमेल.

ही तजवीज सर्व गाड्यांत एकसारखी नसते, आणि बहुतेक घोटाळा येथेच होतो. हिरो होंडाच्या सीडी १०० किंवा स्प्लेंडरसारख्या गाडीत कार्बोरेटरच्या हवा घेणाऱ्या तोंडाशी एक पातळ चकती असते. कळ फिरविली की ती आडवी येऊन हवेची वाट अडविते, आणि पिस्टनचे शोषण मग जेटमधून जास्त पेट्रोल ओढून घेते. याच्या उलट, जुन्या बुलेटच्या कार्बोरेटरात, अथवा डाव्या मुठीजवळ चोकची कळ असलेल्या जुन्या पल्सरमध्ये, चकती मुळी नसतेच; तेथे पेट्रोलाची एक निराळी बारीक वाट असते व एक लहानसा दट्ट्या ती उघडतो किंवा मिटतो. या दुसऱ्या प्रकारात, ॲक्सिलरेटरची मूठ मिटलेली असेल तोवरच त्या बारीक वाटेच्या तोंडाशी जोरदार शोषण राहते. मूठ पिळली की हवा मोकळ्या मार्गाने आत शिरते, शोषण ढिले पडते आणि ओढलेला चोक असून नसल्यासारखा होतो. गॅरेजवाला ‘चोक दिल्यावर रेस देऊ नका’ असे बजावतो, त्यामागचे कारण हे. ते तो क्वचितच सांगतो, आणि आपणही क्वचितच विचारतो. चकतीच्या गाडीला मात्र मूठ किंचित उघडलेली चालते. आपली गाडी कोणत्या जातीची आहे याची एकदा खातरजमा करून घेतल्यास निम्मा त्रास वाचेल.

म्हैसूरला तयार होणाऱ्या जावा व येझदी गाड्यांची रीत याहून साधी होती. कार्बोरेटरवरचे लहानसे बटण बोटाने दाबले की आतील तरंगता फ्लोट खाली जाई, पेट्रोलाची पातळी चढे आणि ते बाहेर पाझरून बोटाला लागले की किक मारण्यास हरकत नाही असे समजावे. त्या पेट्रोलाच्या वासाची पुष्कळांना अजून ओढ आहे. ती माझ्या मते भाबडी आहे, कारण तेवढे इंधन जमिनीवर फुकटच जाई. स्कूटर एका अंगाला कलती करून मग किक मारण्याचा जो शिरस्ता आपल्या वसाहतींतून रूढ होता, त्यातही युक्ती हीच होती.

गाडी सुरू झाली म्हणजे चोकचे काम संपत आले असे समजावे. इंजिनात ऊब येताच, म्हणजे साधारणतः अर्ध्या ते एका मिनिटात, कळ हळूहळू परत न्यावी. आवाज जड होऊन धूर काळा येऊ लागला तर उशीरच झाला. चोक तसाच ठेवून कचेरी गाठणाऱ्याचे नुकसान केवळ ॲव्हरेजपुरते नसते: प्लगवर काजळी धरते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते, आणि चार-स्ट्रोक गाडीत ते खाली झिरपून इंजिन ऑइल पातळ करते. ही झीज दिसत नाही, म्हणून तिची तक्रारही कोणी करीत नाही.

अति चोकाने गाडी ओव्हरफ्लो झाली तर पुन्हा पुन्हा चोक ओढणे हा शुद्ध अविचार होय. चोक बंद करावा, पेट्रोल कॉक मिटावा, मूठ पूर्ण उघडून चार-सहा किका माराव्यात, म्हणजे साठलेले इंधन हवेबरोबर निघून जाते. तरीही दाद मिळाली नाही तर प्लग काढून कोरडा पुसावा. तापलेल्या गाडीला, किंवा मे महिन्यातल्या विदर्भातील दुपारी, चोक मुळीच लागत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम अंमलात आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. इंजिनाचे तापमान आता सेन्सर मोजतो आणि थंडीत किती पेट्रोल जास्त फवारायचे याचा निर्णय संगणक घेतो. त्या गाड्यांना चोकची कळच नाही. ज्यांच्या घरी अद्याप कार्बोरेटरची गाडी आहे त्यांनी मात्र फाटकाबाहेर पडण्यापूर्वी कळ जागेवर गेली आहे की नाही, एवढे एकदा पाहून घ्यावे.