भाकर चालते, झुणका नाही

पोट फुगतं, वारंवार जुलाब होतात म्हणून रामदासपेठेतल्या डॉक्टरांना दाखवलं, की एखादीच्या हाती चिठ्ठी येते: गहू बंद, लो-फॉडमॅप आहार. मग वाटतं, महागडं ग्लुटेन-फ्री पीठच आणावं लागणार. तसं नाही.

ग्लुटेन हे गहू आणि जवातलं प्रथिन. फॉडमॅप म्हणजे आतड्यात नीट न पचणाऱ्या, आंबून वायू करणाऱ्या साखरा. त्या गव्हात आहेत, तशाच कांदा, लसूण, बेसन, तूरडाळ, दुधातही आहेत. म्हणून ज्वारीची भाकर चालते, झुणका नाही. विकतच्या पिठात बेसन असेल तर तेही नको.

रेशनच्या तांदळाचा भात, ज्वारीची भाकर, वांगं, भेंडी, पालक, थोडे मूग, अंडं एवढ्यात ताट होतं. लसणाची चव हवी तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका. त्या साखरा तेलात उतरत नाहीत.

दोन ठिकाणी जपा. बाजारच्या हिंगात बरेचदा मैदा असतो. आणि गव्हाच्या चक्कीवर दळलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ मिसळतं. सिलिअ‍ॅक आजारात तेवढंही बाधतं. तेव्हा घरच्या जात्यावर दळा किंवा गटानं गहू न दळणारी वेगळी चक्की ठेवावी.

गहू सोडण्याआधी सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करा; नंतर ती फसवी येऊ शकते. सिलिअ‍ॅक निघाला तर गहू जन्मभर बंद. फॉडमॅपचं कडक पथ्य मात्र २ ते ६ आठवड्यांचंच. पुढे डॉक्टरांना विचारून एकेक पदार्थ परत खाऊन पाहा. सगळंच कायमचं सोडलं, तर अंगात ताकद कुठून येणार?