कोजागिरी ते त्रिपुरी : साठीनंतरची पहिली पायी यात्रा



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या गट कार्यालयांत लागण नोंदीच्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी हमखास होते. "साहेब, यंदा त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला पायी जावं म्हणतो. आमची तोड तेव्हाच तर येत नाही ना?" विचारणारे बहुतेक साठी ओलांडलेले. जन्म वावरात गेला, पण यात्रा म्हणून कधी पायी निघाले नाहीत. आता पोरं कर्ती झाली, हाताशी थोडी फुरसत आली, म्हणून मनात येते. अशा सभासदांसाठी व त्यांच्या घरच्या मंडळींसाठी हे चार शब्द लिहीत आहोत.

आधी एक गैरसमज

"आम्ही शेतकरी, आम्हाला चालायचं काय शिकवता?" असे आपण म्हणाल. पण वावरातले चालणे आणि यात्रेचे चालणे यात फरक आहे. वावरात पाय मऊ मातीवर पडतो. दहा पावले चालून आपण थांबतो, वाकतो, धुऱ्यावर बसतो. डांबरी सडकेवर मात्र जमीन टणक, आणि तीच चाल दोन-तीन तास चालू राहते. तळव्याला फोड, गुडघ्याला कळ, आणि शेवटी गडाची चढण लागली की छातीवर ताण. शिवाय खरे सांगायचे तर मोटारसायकल आणि ट्रॅक्टर आल्यापासून आपले पायी चालणे निम्म्यावर आले आहे. मशागत न करता आपण बेणे दाबत नाही. मग सराव न करता अंगाला यात्रेला का जुंपायचे?

वाट कोणती घ्यावी

नागपूरपासून रामटेक सडकेने सुमारे ५० किलोमीटर आहे. कामठी, कन्हान, मनसर अशी ती वाट. नेमाने चालणारे तरुण ती पुरी करतात. पहिल्यांदा निघणाऱ्या वयस्क माणसाने तो हट्ट धरू नये. एस.टी.ने मनसरपर्यंत जावे आणि तिथून पायी निघावे. मनसर ते रामटेक सहा-सात किलोमीटर, त्यापुढे गडाची चढण. एवढी यात्रा पहिल्या वर्षाला पुरे. राष्ट्रीय महामार्गावरची जड वाहतूकही यामुळे टळते.

ही वाट लहान असली तरी मान लहान नाही. वाकाटक राणी प्रभावतीगुप्त हिच्या पाचव्या शतकातील ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीचा उल्लेख आहे. कालिदासाने मेघदूतात सांगितलेला रामगिरी तो हाच, असे अनेक विद्वान मानतात. गडावर वाकाटक काळातील नरसिंहाची देवळे आहेत. गडामागे अंबाळा तलाव व त्याचे घाट आहेत. म्हणजे किमान पंधराशे वर्षांपासून माणसे ही टेकडी चढत आली आहेत. आपण घाईने चढावी असे काही नाही.

काही सभासद कोराडीच्या जगदंबेबद्दल विचारतात. नागपूरची मंडळी नवरात्रात तिकडे पायी जातात. यात्रा चांगलीच, पण नवरात्रात एकतर परतीचा पाऊस नाहीतर उकाडा, आणि सरावाला दिवस मिळत नाहीत. म्हणून पहिल्या यात्रेला आम्ही रामटेकच सुचवतो.

महिनाभराची मशागत

कोजागिरी ते त्रिपुरी पौर्णिमा असा बरोबर एक चांद्र महिना मिळतो. गावोगाव याच महिन्यात पहाटे काकडा असतो. काकड्याला जायचेच, तर त्याच पहाटेला सराव जोडून घ्यावा.

१) पहिला आठवडा : रोज दोन किलोमीटर, सपाट रस्त्याने. अंगाला सवय एवढाच हेतू.

२) दुसरा आठवडा : रोज तीन किलोमीटर. यात्रेला घालणार तीच पायताणे आतापासून घालावीत.

३) तिसरा आठवडा : चार ते पाच किलोमीटर, एक दिवसाआड. मधल्या दिवशी थोडेच चालावे. देवळाच्या किंवा शाळेच्या पायऱ्या दहा मिनिटे चढ-उतार कराव्यात.

४) चौथा आठवडा : एकदा सहा किलोमीटर पुरे चालून पाहावे. मग निघण्याआधी दोन दिवस विसावा.

चालीचा अंदाज सोपा आहे. चालताना शेजाऱ्याशी सरळ बोलता आले पाहिजे. बोलताना दम तुटू लागला तर चाल जास्त झाली समजावे. तासाला तीन किलोमीटर ही चाल भरपूर झाली. अर्ध्या तासाने दहा मिनिटे बसावे. टोळीत सर्वांत सावकाश चालणारा माणूस पुढे ठेवावा, म्हणजे कोणी मागे सुटत नाही.

डॉक्टरांची गाठ

सराव सुरू करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी. आपण साखर पिकवणारे. पण ती रक्तात वाढली तर गोड नाही. मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी किती चालावे, किती पाणी प्यावे, गोळी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांनाच विचारावे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास धरून चालू नये. देवाला उपाशी माणसाची चक्कर नको आहे. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी व दवाखाना गाठावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकदम धाप, थंड घाम : यातले काहीही झाले तर "थोडं बसतो, मग जातो" असे करू नये. चालणे तिथेच थांबवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गड पुढच्या वर्षीही तिथेच असतो.

पाय, पाणी, शिदोरी

यात्रेसाठी म्हणून नव्या चपला घेऊन त्याच दिवशी घालणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. वापरून मऊ झालेली, मागे पट्टा असलेली पायताणे किंवा कापडी बूट, आत सुती मोजे. बोटांच्या बेचक्यांत खोबरेल लावावे. फोड आलाच तर फोडू नये. स्वच्छ फडके बांधावे. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर गडाच्या पायऱ्यांपुरता ठेवावा. मधुमेह असलेल्यांनी तोही करू नये, कारण त्यांच्या तळव्याला खडा लागलेला कळत नाही आणि साधी जखम महिनोन् महिने चिघळते.

माणशी एक लिटर पाणी असावे, घोटघोट प्यावे. फार घाम जात असेल किंवा पोट बिघडले असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. शिदोरी हलकी : भाकर, फुटाणे, केळी, गुळाचा खडा. गडावर वानरे फार, म्हणून खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये. काठी जवळ असावी, ती वानरासाठी नव्हे, उतरताना गुडघ्यासाठी. गड चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना. गडावर वाहनाचा रस्ताही आहे. गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी पायऱ्यांनी चढावे आणि वाहन मिळत असेल तर त्याने उतरावे. यात कमीपणा नाही.

सडकेवर

हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या व बंड्या असतात, हे आपल्याला सांगायला नको. चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे, एकामागे एक चालावे. पहाटे उजाडल्यावर निघावे, अंधारात नाही. ट्रॉलीच्या मागे आपण लाल चमकपट्टी लावतो, तशीच एक पट्टी पिशवीला आणि काठीला लावावी. ट्रॉलीला जी अक्कल लागते ती मालकालाही लागू आहे. नोव्हेंबरात पहाटे गारठा व दुपारी ऊन असते, तेव्हा अंगावर शाल आणि डोक्याला दुपट्टा दोन्ही हवेत.

पौर्णिमेला आणि आदल्या वैकुंठ चतुर्दशीला रामटेकात दाट गर्दी होते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोन-तीन दिवस नंतर जावे; दर्शनही निवांत होते. त्रिपूर पाहायचाच असेल तर सकाळीच पोचून गड आटोपावा आणि रात्री खाली गावात थांबावे. परतीला एस.टी. आहे, इतवारीला जाणारी रेल्वेही आहे. एस.टी.त ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. त्यासाठी आधार कार्ड जवळ बाळगावे.

आता तोडीचे

२०२४ साली राज्यात गाळपाला परवानगी १५ नोव्हेंबरपासून होती, आणि त्रिपुरी पौर्णिमा त्याच दिवशी. २०२५ साली गाळप १ नोव्हेंबरपासून, पौर्णिमा ५ तारखेला. म्हणजे यात्रा आणि तोड गाठीला गाठ लागून येणार हे धरूनच चालावे. या धास्तीने कित्येक सभासद दरवर्षी "पुढच्या साली पाहू" म्हणतात, आणि पुढची साले संपत जातात. गुडघे काही आपल्यासाठी थांबत नाहीत.

तोडणी कार्यक्रम लागणीची तारीख आणि उसाची पक्वता पाहून लागतो. यात्रेसाठी कोणाचा नंबर पुढे-मागे करणे आम्हाला शक्य नाही, आणि तसे करणे इतर सभासदांवर अन्याय होईल. पण तोडचिठ्ठी आली तेव्हा मालक गावात नाही म्हणून काम अडू नये, एवढी व्यवस्था आपल्या हातात आहे.

१) आपल्या गैरहजेरीत मुलगा, सून किंवा घरचे दुसरे कोण जबाबदार, ते लिहून सहीनिशी गट कार्यालयात द्यावे. त्यांचा फोन क्रमांक चिटबॉयकडे असावा.

२) तोडीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे लागते. कालव्याची पाळी त्याच सुमारास येत असेल तर कोणत्या फडाला द्यायचे, कोणत्या नाही, हे घरच्यांना बांधावर नेऊन दाखवावे. फडात चिखल राहिला तर ट्रॉली रुतते.

३) तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. त्यापुढे वजन घटते, उताराही घटतो. भरणीवर आणि काटा पावतीवर घरच्या माणसाची नजर असावी.

ही व्यवस्था घरच्यांना एकदा करून पाहू द्या. आज ना उद्या फड त्यांनाच सांभाळायचा आहे. दोन दिवसांच्या यात्रेत तो धडा आपोआप होतो, आणि काही चुकले तर सांगायला आपण परत येतोच.

यात्रेला निघणाऱ्या सभासदांनी कोजागिरीपूर्वी आपापल्या गट कार्यालयात नाव, प्लॉटचा तपशील आणि जाण्याची तारीख नोंदवावी. एकाच गावचे चार-सहा जण असतील तर एकत्र निघावे. नवरा-बायको दोघांनी जावे हे सर्वांत चांगले. यात्रा सुखाची होवो आणि हंगाम सर्वांना गोड जावो.

— ऊस विकास विभाग