विधानसभेतून राज्यसभेत

अमेरिकेत पुढारी आधी आपल्या राज्याच्या विधिमंडळात उमेदवारी करतो आणि मग सेनेटर होतो, हे आपण ऐकून असतो. आपल्याकडे सेनेटच्या जागी राज्यसभा. तिची वाट आम्ही नियमांपेक्षा माणसावरून सांगू, आणि तीही अमरावतीकरांना घरच्या असलेल्या माणसावरून.

प्रतिभाताई पाटील यांचे माहेर जळगावकडचे, सासर अमरावतीचे. १९६२ साली त्या जळगावातून विधानसभेवर गेल्या, तेव्हा वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे वऱ्हाडच्या वेशीवरील एदलाबादने त्यांना चार वेळा निवडून दिले. उपमंत्री, मंत्री, १९७९-८० मध्ये विरोधी पक्षनेत्या, अशी तेवीस वर्षे गेली. विरोधी बाकावरचे ते थोडे महिने आम्हांस मंत्रिपदाइतकेच मोलाचे वाटतात; सभागृह दोन्ही बाजूंनी पाहिलेल्या माणसाला ते चालवणे सोपे जाते. १९८५ साली त्या राज्यसभेत गेल्या आणि १९८६ साली उपसभापती झाल्या. जुलै १९८७ मध्ये सभापती व्यंकटरामन राष्ट्रपती झाले, तेव्हा सप्टेंबरात नवे उपराष्ट्रपती येईपर्यंत सभापतीचे काम ताईंनीच पाहिले.

आता त्या निवडणुकीविषयी. तीत तुमच्या-आमच्यासाठी मतपेटी नसते. आमदार पसंतीक्रम लिहून मत देतात. महाराष्ट्राच्या जागा १९, मुदत ६ वर्षांची, आणि दर २ वर्षांनी सुमारे एक-तृतीयांश सभासद निवृत्त होतात. २००३ पासून आमदाराला आपले मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावे लागते. उमेदवार त्याच राज्याचा मतदार असावा, ही अटही त्याच वर्षी गेली. मग हा सभासद जाब देणार कोणाला? अकोटच्या कापूसवाल्याला, की तिकीट देणाऱ्या श्रेष्ठींना? अमेरिकेतही सेनेटर विधिमंडळेच निवडीत असत. सौदेबाजीचा बभ्रा झाला, तेव्हा १९१३ साली घटना दुरुस्त करून ते काम थेट मतदारांकडे दिले गेले. आपण तसेच करावे, असे आम्ही म्हणत नाही. राज्यांचा आवाज दिल्लीत वेगळा असावा, हा हेतू आम्हांस पटतो. पण रहिवासाची अट काढली, तेव्हा त्या हेतूचा पायाच थोडा खचला, असे आमचे मत आहे.

ताई पुढे २००७ साली राष्ट्रपती झाल्या. त्याआधी, १९९१ साली, त्या अमरावतीहून लोकसभेला उभ्या राहिल्या. तेव्हा मात्र त्यांना बडनेऱ्याच्या मतदारांपुढे हात जोडावे लागले.