विमागणितशास्त्राचे शिक्षण

मृत्यू, आजार, पूर यांसारख्या अनिश्चित घटनांची संभाव्यता व त्यांमुळे उद्भवणारे आर्थिक दायित्व यांचे मापन करणारे शास्त्र म्हणजे विमागणितशास्त्र होय. त्यातील तज्ज्ञास विमागणिती वा ॲक्चुअरी म्हणतात.

विद्यापीठात हा विषय घ्यावा की नाही, हे ठरविताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते : भारतात ही व्यावसायिक पात्रता विद्यापीठाच्या पदवीने प्राप्त होत नाही. ती ‘इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया’ या संस्थेच्या परीक्षांमधून मिळते. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ‘ॲक्चुअरियल सोसायटी ऑफ इंडिया’चे २००६ च्या अधिनियमाने या वैधानिक संस्थेत रूपांतर झाले. बारावीनंतर तिच्या प्रवेशपरीक्षेस बसता येते. पुढील परीक्षा पुष्कळांना नोकरी सांभाळून अनेक वर्षे द्याव्या लागतात व काहींच्या त्या अपुऱ्याच राहतात. म्हणून गणित वा संख्याशास्त्र यांतील पदवी अधिक सुरक्षित. परीक्षा सोडाव्या लागल्या, तरी ती अन्यत्र उपयोगी पडते. स्वतंत्र पदवीचा विशेष लाभ, तिच्यामुळे संस्थेच्या काही परीक्षांत सूट मिळत असेल तरच होतो.

विषयाची गोडी मात्र निराळ्या प्रकारे पारखावी. आयुर्विम्यात एकाचा मृत्यू बहुधा दुसऱ्याच्या मृत्यूशी निगडित नसतो. त्यामुळे मोठ्या समूहाचे मृत्युमान बऱ्याच अचूकपणे वर्तविता येते. पुराचे तसे नाही. २६ जुलै २००५ रोजीच्या उल्हास नदीच्या महापुरात बदलापूरच्या नदीकाठची घरे एकाच वेळी पाण्याखाली गेली. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणी दरम्यान पुरात अडकली. एकाच काठावरील विमेदारांची संख्या वाढविल्याने धोका विभागला जात नाही, उलट साचतो. अशा दोन पुरांवरून तिसऱ्याची संभाव्यता काय मानावी, हप्ता किती आकारावा व पुनर्विमा किती घ्यावा, हे कोणत्याही सारणीतून थेट निघत नाही. अपुऱ्या माहितीवर जबाबदारीने निर्णय करण्याचे हे काम आपल्याला मानवेल काय, हे विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वी पाहावे.