धाव, हवा आणि खड्डा

बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्टीला मराठीत ‘धाव’ म्हणतात. लोहार ती विस्तवात लालबुंद तापवी, चाकावर बसवी आणि वरून पाणी ओती. गार होताना धाव आकसे आणि तुंब्यापासून परिघापर्यंत सारे चाक घट्ट आवळून धरी. गाडीचे चाक उंच असे, त्यालाही कारण होते. चाकाचा व्यास जितका मोठा, तितका वाटेतला खळगा त्याला लहान. लहान चाक ज्यात पुरते उतरते, त्यावरून मोठे चाक थोडेसे झुकून निघून जाते. पण धावेत लवचिकपणा नव्हता. वाटेवरचा प्रत्येक दगड ती आसापर्यंत आणि तिथून गाडीत बसलेल्याच्या कण्यापर्यंत पोहोचवी.

आज पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर मोठ्या चाकांची वेगळीच हौस दिसते. कंपनीने दिलेली १४ किंवा १५ इंची चाके उतरवायची आणि त्या जागी बाजारातली १६, १७, क्वचित १८ इंची अलॉय चाके चढवायची. गाडी रुबाबदार दिसते, यात शंका नाही. ही हौस नेमकी कशाच्या बदल्यात पुरी होते, ते या लेखात पाहायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: ही चाके बैलगाडीच्या चाकासारखी मोठी नसतात. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो. आतली धातूची रिम वाढते आणि ती हवेची जागा खाऊन वाढते.

हवेची जागा

हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याची. त्याने १८४५ मध्ये तिचे पेटंट घेतले. पण तेव्हा सायकलही नव्हती आणि मोटारही नव्हती, त्यामुळे ती मागे पडली. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. निमित्त होते मुलाची तीनचाकी सायकल आणि खडबडीत रस्ता. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार धाववली. शर्यत त्यांनी जिंकली नाही, पण मोटारीचे वजन हवा पेलू शकते हे लोकांनी पाहिले.

थोडक्यात, हवेचा टायर जन्माला आला तोच खराब रस्त्यावरचा उपाय म्हणून. मोटारीला स्प्रिंग आणि शॉकअप असतात हे खरे, पण रस्त्याचा पहिला मार टायरमधली हवा झेलते.

टायरवरचे अंक

टायरच्या भिंतीवर ‘१८५/६५ आर १५’ असे काहीतरी लिहिलेले असते. आपल्याकडच्या कितीतरी लहान मोटारींना हा टायर असतो. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी टायरच्या भिंतीची उंची. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे नांदतात, म्हणून ती कोणी वाचायला जात नाही.

आता हिशेब करू. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिमी. ही भिंत वर आणि खाली अशी दोनदा मोजायची आणि त्यात रिमचे ३८१ मिमी मिळवायचे. पुऱ्या चाकाचा व्यास सुमारे ६२१ मिमी येतो. त्याऐवजी १७ इंची रिम घातली, तर बाहेरचा व्यास तेवढाच राखण्यासाठी साधारणपणे २०५/४५ आर १७ टायर निवडतात. त्याचा व्यास ६१६ मिमी, म्हणजे जवळपास तेवढाच. किंबहुना केसभर कमीच. तो राखावाच लागतो, नाहीतर चाक मडगार्डला घासते आणि वेगदर्शक काटा चुकीचा वेग दाखवू लागतो. पण भिंतीची उंची १२० वरून ९२ मिमीवर आली. २८ मिमी हवा गेली.

नाना पेठेतल्या एका दुकानात मी अशी दोन चाके शेजारी उभी करून टेपने मोजली. “साहेब, गिऱ्हाईक रिमचा इंच विचारतं. टायरची भिंत आजवर कोणी विचारली नाही,” दुकानदार म्हणाले. शिवाय ९२ मिमीसुद्धा सगळे कामाचे नसतात. रिमची कड सुमारे १७ मिमी वर आलेली असते आणि रबराची स्वतःची जाडी वेगळी. दबायला उरते ती जागा भिंतीच्या उंचीहून बरीच कमी, त्यामुळे तोटा कागदावर दिसतो त्याहून मोठा.

खड्ड्यात काय घडते

गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे आणि समोर ६० सेंटीमीटर लांबीचा खड्डा आहे. तो ओलांडायला चाकाला सेकंदाचा अठरावा भाग लागतो. तेवढ्यात स्प्रिंग चाकाला खाली ढकलते आणि चाक खड्ड्याच्या पलीकडच्या कडेवर जाऊन आदळते. आपल्या रस्त्यांतली खडी काळ्या बेसॉल्टची. डांबर सुटले की तिची कड टणक आणि धारदार राहते. टायर दबतो. पुरेशी हवा असेल तर मार तिथेच विरतो. नसेल तर टायरची भिंत रिमची कड आणि दगड यांच्यामध्ये चिमटीत सापडते आणि आतले धागे तुटतात. वरचे रबर शाबूत असते, पण दोन दिवसांनी भिंतीवर टेंगूळ दिसते. ‘टायरला फुगा आला’ म्हणतात तो हाच. तो दुरुस्त होत नाही. महामार्गावर वेगात असताना तो फुटू शकतो, म्हणून टायर बदलणे हाच मार्ग.

उरलेला मार रिमला बसतो. लोखंडी रिम वाकते आणि बऱ्याचदा ठोकून सरळ करता येते. ओतीव अॅल्युमिनियमची रिम वाकण्यापेक्षा तडकण्याकडे झुकते. तडा बारीक असला तर महिनोन् महिने हवा थोडी थोडी उतरत राहते आणि आपण पंक्चर शोधत बसतो. अशा रिमला वेल्डिंग करून देणारे पुष्कळ आहेत, पण त्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूला दिलेले पाणी उतरते आणि सांध्याशेजारचा भाग मऊ होतो.

म्हणूनच चाकांची आघातचाचणी असते. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार टायरसह चाक १३ अंशांत तिरके बसवतात आणि २३० मिमी उंचीवरून त्याच्या कडेवर वजन टाकतात. वजन ठरवण्याचा नियम सोपा आहे: चाकावर येणाऱ्या कमाल भाराच्या ६० टक्के, अधिक १८० किलो. ४०० किलो भाराच्या चाकावर ४२० किलोचा ठोकळा पडतो. आरपार तडा गेला किंवा एका मिनिटात सगळी हवा गेली, तर चाक नापास. या कसोटीतून न गेलेले स्वस्त चाक आपल्या गाडीला लागले, तर त्याची चाचणी आपणच घेत असतो, घरच्यांना मागच्या सीटवर बसवून.

भार, रुंदी आणि पाऊस

टायरवर आणखी एक अंक असतो, भाराचा. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५०० किलो. बुटक्या टायरमध्ये हवेचे आकारमान कमी, त्यामुळे तेवढाच भार पेलायला दाब वाढवावा लागतो. म्हणजे आधी हवा कमी केली आणि उरलेली आणखी कडक केली. भाराचा अंक न पाहता टायर घेतला, तर गणपतीला पाच माणसे आणि सामान घेऊन कोकणात निघालेली गाडी टायरच्या मर्यादेबाहेर जाऊ शकते.

रुंद टायर कोरड्या रस्त्यावर वळणात चांगली पकड देतो. बुटकी भिंत कमी वाकते, त्यामुळे स्टिअरिंगचा प्रतिसाद चटकन मिळतो. हे फायदे खरे आहेत आणि गुळगुळीत रस्त्यावर ते जाणवतात. पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अरुंद टायरपेक्षा कमी वेगात तरंगू लागतो, आणि आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा.

ज्यांना चाके बदलायचीच आहेत, त्यांनी एका इंचावर थांबावे. १९५/५५ आर १६ टायरची भिंत १०७ मिमी असते. तोटा १३ मिमीचा, म्हणजे निम्म्याहून कमी. भाराचा अंक मूळ टायरइतका किंवा जास्त हवा. रिम मूळ चाकापेक्षा फार बाहेर आलेली नको, कारण तिचा ताण बेअरिंगवर येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आणि विम्याच्या अटीही आधी वाचलेल्या बऱ्या.

दोष कोणाचा?

या सगळ्यात खड्ड्याला माफी नाही. नीट राखलेले रस्ते मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. गतिरोधकाचेही माप ठरलेले आहे: भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या शिफारशीत तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, गोलाईचा सांगितला आहे. आपल्या गल्लीतला उंचवटा त्याच्याशी ताडून पाहावा. खड्ड्याबद्दल तक्रार करणे, पुन्हा करणे, हे नागरिकाचे कामच आहे. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्याच रस्त्यावरून रोज जायचे असते, आणि तोवर आपल्या हातात असते ती टायरमधली हवा.

तिचा दाब किती हवा आणि टायर कोणत्या मापाचा, हे गाडी बनवणाऱ्यांनी चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या छोट्या पट्टीवर छापून ठेवलेले असते. दुकानात जाण्यापूर्वी दार उघडून ती एकदा वाचावी.